भोपळा उसना देत नाहीत

"आजोबा, डोळे बांधले तर आपली वाईन तुम्हाला ओळखता येईल का हो?"

मित्रांनो, हा प्रश्न तेक्लेचा नव्हता. इर्मा आणि सालो या तिच्या दोन मैत्रिणींनी तो तिच्या तोंडात अक्षरशः कोंबला होता. "विचार ना! सगळ्यांसमोर विचार! नाही विचारलंस तर तू भित्री भागूबाई!" आणि तेक्ले तर नववीत गेल्यापासून कुणाच्या बापाला घाबरत नव्हती. तिने केस मागे उडवले, भरल्या अंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि विचारून मोकळी झाली.

अंगणातल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. कारण कुणाला काही विचारायला कचरेल अशी एकही जीभ त्या गावात आजवर जन्मली नव्हती, पण ग्रिगोल आजोबांच्या चवीची परीक्षा घ्यायचं धाडस मात्र कुणालाच झालं नव्हतं.

हे सगळं मी दारालगतच्या खिळ्यावरून पाहत होतो. मी एक जुना भोपळा आहे. हसा, हसा! भोपळ्याला कसलं आलंय आत्मवृत्त, असंच वाटतंय ना तुम्हाला? पण ऐका तर खरं.

ग्रिगोल आजोबांच्या कुंपणावर, अलाझानी नदीकडून येणाऱ्या वाऱ्यावर डोलत मी वाढलो. तेव्हा मी हिरवागार आणि फार गर्विष्ठ होतो. मग पानगळ झाली, वेल वाळला आणि आजोबांनी मला छपराखाली टांगून ठेवलं. मी वाळलो, खडखडीत झालो, पोटातल्या बिया खुळखुळू लागल्या. एके दिवशी त्यांनी माझ्या पोटाला गोल भोक पाडलं, बिया झटकल्या, आतून खरवडून काढलं आणि चेरीच्या लाकडाची लांबलचक काठी मला हात म्हणून जोडली. पुढे कितीतरी दिवस ते मला गरम पाण्यात आणि वाईनमध्ये बुडवून ठेवत होते. अंगातला कडूपणा जावा म्हणून! तो एकदाचा गेला, तेव्हा त्यांनी माझ्यातून एक घोट घेतला आणि म्हणाले, "आता आलास तू माणसात."

मित्रांनो, आमच्याकडे वाईन पिंपात ठेवत नाहीत. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या मातीच्या मोठ्या रांजणात ठेवतात. जिथे हे रांजण पुरलेले असतात त्या खोलीला मारानी म्हणतात. रांजणाचं नुसतं तोंड वर दिसतं, बाकी सगळा खाली अंधारात. त्या अंधारात उतरायचं आणि तिथलं काय ते वर घेऊन यायचं, एवढंच माझं काम. रांजणात वाईन कशी आहे हे वरच्या जगाला पहिल्यांदा कळायचं ते माझ्यामुळे. मला त्याचा केवढा अभिमान होता म्हणून सांगू!

मी वर आलो की आजोबा मला मातीच्या वाडग्यात रिकामं करत. वाडगा आतून पांढरा होता. तो घेऊन ते दाराशी उन्हात जात आणि आधी नुसते बघत. कुणी "कशी आहे हो?" म्हटलं की ते म्हणत, "थांब. डोळ्याचं बोलून होऊ दे." मग वाडगा नाकाखाली. मग एक घोट, तोही गिळायची घाई नाही, गालाच्या या खिशातून त्या खिशात. तोवर सगळ्यांचे श्वास अडकलेले. आणि शेवटी ते म्हणत, "चांगली आहे," किंवा काहीच न म्हणता वाडगा जमिनीवर उपडा करत. बस्स. त्यावर कुणी वाद घालत नसे.

गावात कुणाकडे लग्न असो की नामकरण, रांजण उघडायचा म्हटलं की आजोबांना बोलावणं आलंच. ते आपला वाडगा घेऊन जात, आपलं नाक घेऊन जात, पण मला मात्र कधीच नेत नसत. एकदा शेजारची लामारामावशी म्हणालीसुद्धा, "ग्रिगोलकाका, भोपळाही आणा की तुमचा. माझ्याला तडा गेलाय."

"लामारा," आजोबा म्हणाले, "दात घासायचा ब्रश आणि भोपळा उसना देत नाहीत."

सगळे हसले. पण त्यामागे शहाणपण होतं. भोपळा म्हणजे काच नव्हे, की धुतला आणि झाला स्वच्छ. मी जे पितो ते माझ्या अंगात मुरतं. एका घरचा दोष दुसऱ्या घरी न्यायला माझ्यासारखा हमाल शोधून सापडायचा नाही. म्हणून ज्या मारानीचा भोपळा, त्या मारानीतच त्याने जगायचं आणि तिथेच म्हातारं व्हायचं.

तर आता त्या दिवसाकडे येतो. ईस्टर नुकताच झाला होता. तेक्लेचा मोठा भाऊ बेसिक याचं लग्न ठरलं होतं, उन्हाळ्याच्या शेवटी, द्राक्षतोडणीच्या आधी. त्याच्या लग्नासाठी म्हणून आजोबांनी आदल्या शरदात एक रांजण वेगळा भरला होता, अक्रोडाच्या झाडाकडच्या वेलींचा. तो आज उघडला होता. वाईन चांगली निघाली होती. पुन्हा झाकण लावून मातीने लिंपायच्या आधी शेजारीपाजारी एकेक वाडगा चाखत, चीज भरलेली गरम खाचापुरी खात बसले होते. अशा रंगात आलेल्या अंगणात तेक्लेने तो प्रश्न टाकला.

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं, आणि चक्क हसले!

"बांधा डोळे! पण एकच वाडगा कसला ओळखायचा? दोन हवेत. एक माझी, एक परकी. जा, कुणाची तरी घेऊन ये. कुणाची ते सांगू नकोस."

इर्माने गळ्यातला रुमाल सोडून त्यांच्या डोळ्यांवर करकचून बांधला. तेक्ले रिकामी बाटली घेऊन पळाली. कुठे? सगळ्यात जवळच्या घरी, लामारामावशीकडे. मावशी तर इथेच बसून खाचापुरी खात होती, मारानी उघडी होती. पण रांजण अर्धा रिकामा, हात खालपर्यंत पोचेना, आणि मावशीचा तडकलेला भोपळा केव्हाच फेकून दिलेला. तेक्ले धापा टाकत परत आली. सगळ्यांच्या नजरा डोळे बांधलेल्या आजोबांवर होत्या. तिने हळूच मला खिळ्यावरून काढलं.

मी आयुष्यात पहिल्यांदा परक्या अंधारात उतरलो. आणि उतरताक्षणीच मला कळलं, की इथे काहीतरी बिनसलंय. झाकण नीट बसलेलं नव्हतं, वरच्या वाईनवर पातळ साय धरली होती. ती साय माझ्या अंगाला चिकटली. तेक्लेने बाटली भरली, मला ओलाच परत खिळ्यावर अडकवला आणि गर्दीत घुसली.

"आणली!"

"माझे डोळे बांधलेत," आजोबा म्हणाले, "तर डोळ्यांचं काम तू कर. रंग सांग."

"मधासारखा."

"गावात काय एकच मध आहे? नव्या की जुन्या?"

"जुन्या. आणि आजोबा… कडेला जरा गढूळ आहे."

"बघ, दिसतं की तुला!" मग त्यांनी वाडगा नाकाखाली धरला. त्यांच्या कपाळावर आठी पडली. "वाळलेलं सफरचंद. अक्रोडाची हिरवी साल. आणि या सगळ्याखालून कुणीतरी सुई टोचतंय." एक घोट घेतला आणि बाजूला थुंकले. "ही माझी नव्हे. ज्याची असेल त्याला आजच सांगा, हा रांजण आंबून शिरका व्हायच्या वाटेला लागलाय. अजून वेळ आहे, वाचेल."

"अगंबाई! कुणाच्या घरची गं ही?" लामारामावशी तोंडात घास धरून खो खो हसली.

तेक्लेचे कान लाल झाले. तेवढ्यात आजोबा म्हणाले, "काढलीस कशानं गं? आपला भोपळा तर नाही ना नेलास?"

"छे हो, आजोबा! बाटलीच बुडवली."

कोरडा खणखणीत आवाज होता तिचा. मलाही क्षणभर खरं वाटलं.

"शहाणी माझी पोरगी. आता दुसरा वाडगा मीच भरतो, असेच डोळे बांधून!"

लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. आजोबांचा हात भिंत चाचपत आला आणि माझ्या काठीवर पडला. काठी कोरडी होती, ओलं होतं ते माझं पोट. डोळे उघडे असते तर त्यांनी ते दारातूनच पाहिलं असतं. नाक मोकळं असतं तर माझ्या जवळ येताच त्यांचा हात थांबला असता. पण डोळ्यांवर रुमाल होता, आणि नाकात मघाचीच सुई रुतलेली होती.

मित्रांनो, माझं तोंड माझ्या अंगाच्या मानाने केवढं मोठं आहे! पण त्या क्षणी ते एका शब्दाच्याही उपयोगाचं नव्हतं. मी तेक्लेकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. एक पाऊल पुढे टाकलंसुद्धा तिने. पण इर्मा टाळ्या पिटत होती, सालोने मोबाइल वर धरला होता, आणि ते पाऊल तिथेच राहिलं.

मी बेसिकच्या लग्नाच्या रांजणात उतरलो.

"ही माझी!" वास घेताच आजोबा गरजले. "माझ्या घरची लेक ही, हिला मी झोपेतही ओळखेन!" मग नाक चोळत पुटपुटले, "मघाची ती सुई मात्र अजून जात नाही. पाणी आण गं."

अंगण दणाणून गेलं. "गाउमार्जोस! गाउमार्जोस!" म्हणत वाडग्याला वाडगे भिडले. रुमाल सुटला. झाकण बसलं, वर ओल्या मातीचा जाड लेप आला, आणि मी केलेली घाण आत बंद झाली.

सगळा उन्हाळा तेक्ले माझ्या खिळ्यासमोरून मान वळवून जायची. लामारामावशीला सांगायचं राहिलं ते राहिलंच. सांगायचं तर मारानीत कशी शिरलीस हेही सांगावं लागलं असतं ना! कधी कधी ती त्या लिंपलेल्या मातीवर हात ठेवून उभी राहायची, एखाद्या आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा. काही होणार नाही, एवढ्याशा ओलीनं काय होतंय, असं पुटपुटायची. ती मला समजावत होती की स्वतःला, कोण जाणे. मी तर जाणून होतो. माझ्या अंगातली ती साय अजून जिवंत होती.

लग्नाला दहा दिवस उरले तेव्हा आजोबांनी लेप फोडला.

झाकण सरकताच त्यांनी पाहायच्या आधीच त्यांना कळलं. तरी त्यांनी रीत मोडली नाही. मला उतरवलं, वाडगा भरला, दाराशी नेला, बघितलं. वास घेतला. चाखलं. आणि तो वाडगा उपडा न करता बराच वेळ हातातच धरून बसले.

तेक्लेचे बाबा तेंगिझ धावत आले. "काय झालं, आबा?"

"शिरका झालाय."

"सगळा? अहो, ईस्टरला तर तुम्ही स्वतः…"

"धुताना राहिलं असणार. रांजण धुतल्यावर शेवटचं पाणी कोण पितो? मी पितो. मीच प्यालो आणि मीच म्हटलं, गोड आहे, भरा. ते गोड नव्हतं, तेंगिझ. माझी जीभ गेली."

आमच्याकडे हे असंच असतं. रांजण चुन्याने आणि चेरीच्या सालीने घासायचा, आणि शेवटचं धुवण प्यायल्याशिवाय तो स्वच्छ झाला म्हणायचं नाही. जो पितो तो जबाबदार.

"यंदा रांजण भरायचे नाहीत," आजोबा म्हणाले. "द्राक्षं कारखान्याला घाल. आणि मला आता कुणाकडे बोलावू नका म्हणावं."

गाव धावून आलं, आमच्याकडची तीही रीत. प्रत्येक घरातून लग्नासाठी घागर घागर वाईन यायला लागली. तेक्लेची आई मझिया प्रत्येकाला घट्ट मिठी मारत होती आणि रुमालाआड डोळे पुसत होती. पण लग्नाच्या मेजावर पहिला प्याला भरला की घरच्या थोरल्याने उभं राहून सांगायचं असतं, की ही वाईन कुठल्या रांजणाची. परक्या घागरींची वाईन का, हे आजोबांना सगळ्या व्याह्यांसमोर सांगावं लागणार होतं. त्यांनी काय सांगायचं ते ठरवलंही होतं: माझी जीभ गेली.

आणि मग मी ते पाहिलं. आजोबा अंगणात एकटेच असले की खिशातून मिठाचा खडा काढायचे, जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे. बागेतलं तुळशीसारखं पान चुरगाळून हुंगायचे. लसणाची पाकळी दाताखाली धरायचे. कुणी आलं की पटकन खिशात टाकायचे. गावाला रांजण ओळखून देणारा तो माणूस, मीठ खारट लागतं ना, एवढं तपासत होता!

ते तेक्लेनेही पाहिलं. खिडकीत उभी होती ती. तशीच खाली आली आणि उन्हाळ्यात पहिल्यांदा तिने मला हातात घेतलं. दाराशी नेलं, उन्हाकडे धरलं आणि माझ्या पोटात डोकावली. आत दुधाच्या सायीसारखा पांढुरका पापुद्रा होता. मग तिने नाक आत घातलं आणि झटक्यात मागे घेतलं. मग बोट फिरवून जिभेला लावलं. तिचे डोळे भरून आले. आंबट असलं की येतात हो, पण ते तेवढ्याने नव्हते आले.

ती आजोबांसमोर जाऊन उभी राहिली. ते मिठाईसाठी दोऱ्यात ओवायला अक्रोड फोडत होते.

"आजोबा, वास घ्या."

"मला कशाला विचारतेस? मला आता…"

"घ्या ना."

त्यांनी घेतला. मित्रांनो, त्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते मी इतक्या जवळून पाहिलंय! आधी सुई. मग आश्चर्य. आणि मग ईस्टरचं सगळं अंगण.

"लामाराकडे नेला होतास?"

"हो."

"मी विचारलं होतं तुला."

"हो."

"नाही म्हणालीस."

"हो."

त्यांनी एक अक्रोड फोडला. गर नासका निघाला, फेकून दिला. "आठवडाभर मी मीठ चाखतोय, पोरी," ते म्हणाले. आवाज चढलाच नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "दर वेळी खारट लागायचं. दर वेळी वाटायचं, हे लागतंय की मला नुसतं आठवतंय?"

तेक्ले रडायला लागली. मलाही रडता आलं असतं तर अंगातली सगळी साय बाहेर पडली असती.

"लामाराला सांगितलंस?"

"नाही अजून."

"मग इथे काय करतेस?"

ती पळत गेली, मला हातात घेऊनच. लामारामावशीने सगळं ऐकून घेतलं, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "म्हणजे ईस्टरला मी ज्या वाईनला हसले ती माझ्याच रांजणाची होती, हे मला भाद्रपदात कळतंय?" तशी म्हणाली नाही अगदी, आमच्याकडे महिने वेगळे, पण सूर तोच होता. "आणि चोरायचीच होती तर चांगल्या घरची तरी चोरायची, मूर्ख मुली! नाव तरी चांगलं झालं असतं!" मग तिने तेक्लेच्या पाठीत एक धपाटा घातला आणि तिला दोन्ही हातांनी जवळ ओढलं.

आम्ही परत आलो तेव्हा आजोबा मारानीत होते. "चेरीची साल कुठे ठेवलीय रे?" असं बेसिकला विचारत होते. म्हणजे रांजण धुतले जाणार होते! पण तेक्लेला म्हणाले, "लग्नात मात्र मीच उभा राहीन. जीभ गेली म्हणेन. नव्या सुनेच्या माणसांसमोर घरच्या लेकीचं नाव खराब करायचं नसतं. बोलू नकोस आता."

आणि माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, "हा आता वाईनच्या कामाचा राहिला नाही."

खरंच होतं ते. मला राग आला नाही. मित्रांनो, मी आता म्हातारा झालोय आणि बिघडलोय. माझ्या जागी कुंपणावरचा एखादा नवा पोरगा येईल. तुमच्या घरी असं काही असेल ना, जे पितं ते विसरत नाही, मग तो भोपळा असो, लाकडी पाट असो नाहीतर म्हातारं माणूस असो, त्याला जपून वापरा. त्याला कुठे नेलं होतंत, असं कुणी विचारलं तर खरं सांगा. लगेच सांगा. पाऊल उचललेलंच असतं, ते फक्त पुढे टाका. त्या दिवशी तेवढं झालं असतं तर तो रांजण वाचला असता.

तेक्ले मला धरूनच स्वयंपाकघरात शिरली. आई लग्नाच्या भाकरीचं पीठ मळत होती, बाबा घागरी मोजून लावत होते. तिने दोघांना सगळं सांगितलं, एका दमात, मध्ये कुठेही न थांबता. बाटली, खोटं, मीठ, सगळं.

बाबा म्हणाले, "आजोबांनी मिटवलंय ना? मग मिटलं. भावाचं लग्न आहे, तेक्ले. तिथे हे काढून रंगाचा बेरंग करू नकोस."

"आजोबा बोलणार नाहीत, बाबा," ती म्हणाली. "परवा पहिला प्याला भरला की मी उभी राहणार आणि ही वाईन घराघरांतून का आणावी लागली ते मी सांगणार. मला थांबवायचं असेल तर आत्ता थांबवा. तिथे मी थांबणार नाही."